टिकारामभाऊंच्या इंजिनाची नजर

टिकारामभाऊंसमोर त्यांच्या इंजिनाची तारीफ केलेली त्यांना खपत नसे. एखादा पाहुणा इंजिनखोलीच्या दारात उभा राहून "काय झकास चालतं हो" म्हणाला, की ते लगेच म्हणायचे, "कायचं झकास, दम्याचा पेशंट हाये." गोऱ्यागोमट्या बाळाला आई चारचौघांत "काळं ध्यान" म्हणते ना, तसं. इंजिनाच्या मोठ्या चाकावर ते रोज सकाळी ग्रिसचा एक काळा ठिपका लावायचे. चाक फिरायला लागलं की ठिपका दिसेनासा व्हायचा. पण ज्याची नजर वाईट त्याला तो बरोबर दिसतो, असं त्यांचं म्हणणं.

आमची शकू नागपूरला हॉस्टेलवर आहे. दर सोमवारी पत्र टाकते, ते या आठवड्यात शुक्रवार उलटला तरी आलेलं नाही. रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेत. डोळे मिटून काळजी करण्यापेक्षा टिकारामभाऊंविषयी लिहावं म्हटलं.

तुमसरला आम्ही एका राइस मिलच्या आवारात अकरा वर्षं राहिलो. माझे यजमान शाळेत विज्ञान शिकवायचे आणि मिलमालक पुंडलिकराव यांनी आवारातल्या दोन खोल्या आम्हाला दिल्या होत्या. आमचं स्वयंपाकघर आणि इंजिनखोली यांच्यामध्ये एकच भिंत. त्यामुळे इंजिनाचा एक ठोका चुकला तर फोडणी देताना मला आधी कळायचं.

ते इंजिन डिझेलचं नव्हतं, विजेचंही नव्हतं. पुंडलिकरावांच्या वडिलांनी इंग्रजांच्या काळात घेतलेला तो गॅस प्लँट होता. हंड्यासारखी एक बंद भट्टी, तिच्यात लाकडी कोळसा. खालून हवा आणि पाण्याची वाफ एकदम आत जायची. वाफ लाल कोळशातून गेली की जळणारा गॅस तयार होतो. तो पाइपातून पाण्याच्या उंच टाकीत धुऊन निघायचा, आणि मग इंजिन तो पिऊन धान भरडायचं. टिकारामभाऊ सतराव्या वर्षी पवनीजवळच्या आसगावहून पळून इथे आले, कारण थोरल्या भावाने, देवाजीभाऊंनी, त्यांना नांगराला जुंपायचं ठरवलं होतं. बैलाच्या पाठीमागे चालणार नाही, असं भावाला तोंडावर सांगून ते निघाले होते. तेव्हापासून तेहतीस वर्षं ते आणि हा प्लँट. दुसरं काही त्यांना येत नव्हतं, आणि दुसरं काही यावं असं कधी वाटलंही नव्हतं.

एकोणऐंशीच्या हंगामात सगळंच अडलं. डिझेलला रांगा, विजेची लाइन दिवसातून चारदा जायची, आणि जंगलातला लाकडी कोळसा मिळेनासा झालेला. शहाणी माणसं गप्प बसतात अशा वेळी पुंडलिकरावांनी आपल्या साडूच्या ओळखीने समुद्राकडच्या कुठल्याशा खाणीतला तपकिरी कोळसा वॅगनभर मागवला. तुमसर रोड स्टेशनवर तो उतरवला तेव्हा हमालांना वाटलं, ओल्या गोवऱ्या आल्या. लाकडाच्या रेषा अजून दिसत होत्या आणि हातात घेतला की भुगा व्हायचा. टिकारामभाऊंनी एक तुकडा जिभेला लावून पाहिला आणि म्हणाले, खारट लागते. पुंडलिकराव म्हणाले, तुले खायला नाही आणला.

पण माणूस हुशार. चार दिवस धडपड करून त्यांनी त्या कोळशावर प्लँट चालवून दाखवला. समोरच्या मिलचा फिटर गोपीचंद पाहायला आला. त्याच्या मिलमध्ये डिझेल नव्हतं, बिचारा रिकामाच होता. तो दारात उभा राहिला आणि अगदी मनापासून म्हणाला, "मानलं टिकारामभाऊ तुमाले. मातीवर इंजिन चालवून राहिले."

टिकारामभाऊंनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. आठव्या दिवशी टाकीच्या तोंडाशी असलेल्या पाइपच्या बेंडला भोक पडलं.

बेंड म्हणजे पाइप जिथे वळतो तो बाक. तेहतीस वर्षांत त्याला कधी काही झालं नव्हतं. टिकारामभाऊंनी नवा बसवला. तो बारा दिवस टिकला. तिसरा नऊ दिवस. भोक पडलं की इंजिन गॅसबरोबर बाहेरची हवा ओढायचं, खोकल्यासारखे आवाज काढायचं आणि बंद पडायचं. सगळ्यात अजब म्हणजे भट्टीजवळचा पाइप, जो तापून लाल व्हायचा, तो धडधाकट. भोक पडायचं ते नेहमी त्या एकाच थंड बाकाला.

मी बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलं होतं, त्यामुळे माझी काळजी शास्त्रशुद्ध होती. या गॅसला वास नसतो आणि तो माणसाला झोपेतच नेतो, हे मला पाठ होतं. शकू तेव्हा आठ वर्षांची. डिसेंबरच्या थंडीत मी खिडक्या उघड्या ठेवायची आणि पोरीला जांभई आली की तिला स्वेटर घालून अंगणात पिटाळायची. टिकारामभाऊंनी मला समजावलं, इंजिन ओढते, ढकलत नाही, म्हणून भोकातून गॅस बाहेर येत नाही, हवाच आत जाते. ते अगदी बरोबर होतं. मला पटलंही. खिडक्या मात्र उघड्याच राहिल्या.

पाच बेंड गेल्यावर पुंडलिकराव इंजिनखोलीत आले. ते कधी ओरडत नसत, आणि ते ओरडले नाहीत म्हणूनच सगळे घाबरले. महाशिवरात्रीपर्यंत थांबतो, म्हणाले. तोवर आणखी एक जरी गेला तरी प्लँट भंगारात, आणि विजेची मोटर. मोटरला बटन दाबायला फिटर लागत नाही, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. टिकारामभाऊंना ते ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको रुखमिणी माझ्याकडे आली. एरवी दोघांत कोण जास्त बोलतं याची शर्यत असायची, पण त्या दिवशी ती हळू बोलत होती. आसगावला निरोप धाडावा लागेल काय, असं ते जेवताना म्हणाले म्हणे. पन्नाशीला आलेला माणूस आता भावाच्या बैलामागे चालणार. ती पुढे म्हणाली, "मास्तरीनबाई, तुमी शिकल्या-सवरल्या हा. तुमी एकदा पाहा ना त्या पायपाकडे. बाकीचे सारे नुसते पाहून गेले."

मी पाहणार होतेच, पण दुसऱ्या कारणाने. टाकीतलं पाणी नालीत सोडत, आणि रुखमिणीला शोध लागला होता की त्या पाण्याने पितळ चिंचेपेक्षा लखलखीत निघतं. आवारातल्या सगळ्या बायका घंगाळं-तांबे घेऊन नालीवर जायच्या. मीही माझा तांब्या दिला होता. दोन दिवस तो सोन्यासारखा दिसला आणि नंतर त्यावर लालसर चट्टे उठले, जणू पितळातलं जस्त कुणी खाऊन टाकलं आणि तांबं उरलं. त्यातच कल्हईवाला सोमाजी सांगत होता की टिकारामभाऊंनी खरवडून दिलेला बेंडमधला पांढरा थर म्हणजे अस्सल नवसागर आहे, कल्हईला बाजारच्यापेक्षा बरा, आणखी असला तर द्या.

पितळ खाणारं पाणी आणि नवसागर. दोन्हीत क्लोरीन.

यजमानांनी शाळेतून सिल्व्हर नायट्रेटची काळी बाटली आणली, हेडमास्तरांना न सांगता. ती दोन दिवस घरात होती तर तेवढे दिवस त्यांनी शर्टाचं वरचं बटनसुद्धा लावून ठेवलं. मी कोळशाचा भुगा पाण्यात भिजवून गाळला आणि त्यात दोन थेंब टाकले. पाणी ताकासारखं पांढरं झालं, म्हणजे क्लोरीन होता. मग बेंडमधून ठिबकणारं पाणी घेतलं. त्याचं चक्क दही झालं, चमचा उभा राहील असं.

क्लोरीन मिठात असतो तेव्हा सोडियमच्या बरोबर गुण्यागोविंदाने नांदतो. आपण तो रोज खातो आणि काही होत नाही. पण भट्टीच्या आचेत, कोळशाच्या राखेतली माती मध्ये पडली आणि पाण्याची वाफ समोर आली, की तो सोडियमला सोडतो आणि वाफेतल्या हायड्रोजनचा हात धरून गॅसबरोबर पळतो. पाइप गरम आणि कोरडा असतो तोवर तो लोखंडाला विशेष काही करत नाही. जिथे गॅस थंड होऊन पहिला थेंब जमतो, तिथे तो त्या थेंबात उतरतो आणि त्याचं ॲसिड होतं. थोडा क्लोरीन कोळशातून निघालेल्या अमोनियाला भेटतो, त्याचा नवसागर होऊन पाइपाला चिकटतो, आणि ओलाव्याने तोही लोखंडाला सुखाने राहू देत नाही. पहिला थेंब जमायचा तो त्या बाकात. म्हणून भोक तिथेच.

एवढं सगळं जुळलं. पण कोळशात मीठ ताकाएवढं आणि पाइपात दह्याएवढं, हे काही जुळेना. मी टिकारामभाऊंना विचारलं की भट्टीत आणखी काय जातं. ते दुखावले. कोळशाशिवाय त्या भट्टीत आपण काडी टाकली नाही, पाहिजे तर इंजिनाच्या चाकावर हात ठेवून सांगतो, म्हणाले. आणि ठेवलाही. चाक तेव्हा बंद होतं, नाहीतर मी अडवलं असतं.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला रुखमिणी वाटी घेऊन दारात. मीठ संपलं, थोडं द्या. परवाच तर तिने बाजारातून अख्खं टोपलं आणलं होतं. मी म्हटलं, एवढ्या मिठाचं करता काय? ती म्हणाली, मलाही कळत नाही, घरात माणसं दोन आणि मीठ लागतं बारशाएवढं. मी तिला वाटी भरून दिली आणि भिंतीला कान लावला. मग तेही पुरेना म्हणून इंजिनखोलीत गेले.

टिकारामभाऊ सूप घेऊन भट्टीभोवती फिरत होते. सुपात खडे मिठाचा ढीग, त्यावर लाल मिरच्या आणि मोहरी. तोंडाने हळूहळू आल्या-गेल्याची, साऱ्या मिलवाल्यांची, आणि नाव घेऊन गोपीचंदची नजर म्हणत होते. सात फेरे झाल्यावर त्यांनी वरचं झाकण उघडलं आणि अख्खं सूप भट्टीत रिकामं करून झाकण लावलं.

"टिकारामभाऊ, तुम्ही म्हणाला होता, कोळशाशिवाय काही टाकत नाही."

"नाईच टाकत."

"मग हे?"

"हे टाकणं थोडी हाये, मास्तरीनबाई. हे उतरवणं हाये."

मी किती मीठ म्हणून विचारलं. त्यांचा हिशोब सरळ होता. लेकराला मूठभर मीठ पुरतं. हे लेकरू चाळीस माणसांचं काम करतं, म्हणून चाळीस मुठी. गोपीचंद तारीफ करून गेल्यापासून शनिवारी उतरवायचे, पहिलं भोक पडल्यापासून एक दिवसाआड, आणि मालक बोलून गेल्यापासून रोज. म्हणजे बेंड गेला की मीठ वाढायचं, आणि मीठ वाढलं की बेंड जायचा.

शिवाय त्यांच्याकडे पुरावा होता. मिरच्या विस्तवात टाकून ठसका लागला नाही तर नजर होती असं समजतात, हे आपल्याकडे कुणालाही माहीत आहे. "दीड महिना झाला," ते म्हणाले, "पावशेर मिरच्या जाते एका खेपेले. एक दिवस ठसका नाई आला. इतकी नजर मी माणसाले लागलेली नाई पाह्यली."

ठसका येणार कुठून? भट्टी बंद. धूर जो निघेल तो इंजिन ओढून घ्यायचं. मिरच्यांचा तिखट धूर टाकीत धुऊन सरळ इंजिनाच्या पोटात जात होता, आणि इंजिनाला ठसका लागत असला तरी तो कुणाला ओळखू येण्यासारखा नव्हता.

मी त्यांना तिथेच कोळशाच्या ढिगावर बसून सगळं सांगितलं. मीठ, वाफ, क्लोरीन, पहिला थेंब. ते पाइपाकडे, बाकाकडे, टाकीकडे पाहत राहिले. समजत होतं त्यांना. हा माणूस चौथी नापास होता, पण गॅस कुठे गरम असतो आणि कुठे निवतो हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. सगळं ऐकून घेऊन त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमी शकूची नजर काहाडता का नाई?"

मी काढत होते. दर शनिवारी, आणि ती शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचली त्या दिवशी दोनदा.

"तं मंग?" ते म्हणाले.

मी घरी आले. पोळ्या करपल्या. नजर खोटी आहे असं मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार होते? आणि खरी आहे असं धरलं तर त्यांचं काय चुकत होतं? पोरीच्या बाबतीत मी विषाची परीक्षा घेतली नसती, मग त्यांनी इंजिनाच्या बाबतीत काहून घ्यावी? दोन दिवस मी यातून वाट काढत होते. महाशिवरात्रीला पंधरा दिवस उरले होते. बेंड नंबर सहा बसवून आठवडा झाला होता आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला तांबूस घाम यायला लागला होता.

तिसऱ्या दिवशी शनिवार. शकूवरून मीठ-मिरच्या उतरवून मी चुलीकडे वळले, आणि तशीच मूठ धरून इंजिनखोलीत गेले. म्हटलं, "टिकारामभाऊ, मी पोरीवरून उतरवते ते चुलीत टाकते. पोरीच्या तोंडात टाकत नाही."

मी भट्टीच्या झाकणाकडे बोट केलं.

"ही भट्टी इंजिनाचं तोंड आहे. त्यातून ते खातं. तुम्ही लेकराची नजर काढून लेकरालाच भरवून राहिले."

त्यांनी मग डोक्यावरचा दुपट्टा काढला, घडी घातली, पुन्हा डोक्यावर ठेवला. "रोज भरवलं मी त्याले," ते म्हणाले. "माह्याच हातानं."

तो बेंड त्यांनी त्याच संध्याकाळी स्वतः होऊन काढला, भोक पडायची वाट न पाहता, आणि सातवा बसवला. टाकीच्या पाण्यात चुना घालायला मी सांगितलं, म्हणजे कोळशातलं मीठ जो थोडाफार त्रास देईल तो चुन्यात मरेल. चुन्यावर त्यांचा आधीपासून विश्वास होता, तंबाखूमुळे. दोन टोपल्या टाकल्या.

पण नजर उतरवायची राहिली होती, आणि आता ती चुलीत टाकायची होती. रुखमिणीच्या. चाळीस मुठी मीठ आणि पावशेर लाल मिरच्या. मी पाच मिरच्या पुरतील असं सुचवून पाहिलं. चाळीस माणसाच्या इंजिनाले पाच मिरच्या, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

वारा आमच्या खोल्यांकडून मिलकडे होता, हेच नशीब. आधी रुखमिणी शिव्या देत बाहेर आली, मग शेजारच्या बायका. मग धान भरडायच्या यंत्रावरचे, हलरवरचे हमाल तोंडाला पोती लावून पळाले. धान वाळत घालणाऱ्या बायका खराटे टाकून रस्त्यावर गेल्या. ऑफिसातून पुंडलिकराव धोतराने डोळे पुसत आले आणि काही तरी बोलायला तोंड उघडून पाच मिनिटं खोकत राहिले. समोरच्या मिलमधून गोपीचंद काय झालं म्हणून पाहायला आला, त्यालाही ठसका लागला. मी शकूला ओल्या टॉवेलात गुंडाळून रस्त्यापलीकडे नेऊन बसवलं.

धुराच्या मधोमध टिकारामभाऊ उभे. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, आणि चेहरा असा की जणू मुलगा मॅट्रिक पास झाला. "आला," ते प्रत्येकाला धरून सांगत होते. "ठसका आला. गेली नजर." गोपीचंदच्याही पाठीवर त्यांनी हात फिरवला आणि दीड महिन्यानंतर त्याला चहा पाजला. नजर गेली तर आता उतरवायची गरज नाही, हे त्यांनीच मला समजावून सांगितलं. मी मान डोलावली.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी पुंडलिकराव गोंदियाच्या एका भंगारवाल्याला घेऊनच आले. ते माझ्या मनाला लागलं. निदान दिवस उजाडू द्यायचा होता. टिकारामभाऊ इंजिनाच्या चाकाला टेकून उभे राहिले. रुखमिणी इंजिनखोलीच्या दारात माझ्याजवळ येऊन बसली, हातात निवडायला घेतलेले तांदूळ, त्यातला एकही खडा तिने काढला नाही.

भंगारवाल्याने हातोडी काढून सातव्या बेंडला सगळीकडून ठोकलं. मंदिरातल्या घंटेसारखा आवाज निघाला. त्याने टिकारामभाऊंना तो सोडायला लावला, आत बोट घालून फिरवलं आणि बोट पुसून म्हणाला, हे भंगार नाही हो, हे तर नवं आहे. पुंडलिकरावांनी स्वतः बोट घातलं. मग ते म्हणाले की तुला खरं म्हणजे मागचे जुने हलर दाखवायला आणलं होतं.

हलर पाहून परत येताना भंगारवाल्याला कोपऱ्यात ते सहा जुने बेंड दिसले. एक उचलून त्याने उजेडात धरला. चाळणी झाली होती. इतकी वर्षं लोखंड विकत घेतो, असं कशाने होतं, त्याने विचारलं.

टिकारामभाऊंनी घसा साफ केला. "मिठात क्लोरीन म्हणून राहते," ते म्हणाले. "तसा गरीब हाये. पण आगीत वाफ दिसली का मिठाले सोडून तिच्यासंगं निंगते. गरमात काही करत नाई. जिथं गॅस निवते, पयला थेंब पडते, तिथं उतरते अन् लोखंड खाते." बाकावर बोट ठेवून त्यांनी जागा दाखवली. कॉलेजात आमच्या सरांनीसुद्धा इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं.

पुंडलिकराव ऐकत होते. "आपल्या भट्टीत मीठ आलं कुठून?" त्यांनी विचारलं.

टिकारामभाऊंचं बोट बाकावरच राहिलं. "कोळशातच होतं, मालक. मी चाखलं तवा तुमाले सांगतलं होतं."

पुंडलिकराव माझ्याकडे वळले. "काय हो बाई, कोळशात होतं मीठ?"

दारात रुखमिणीचा हात तांदळातच थांबला होता. टिकारामभाऊ माझ्याकडे पाहत नव्हते, इंजिनाकडे पाहत होते.

"कोळशात होतं," मी म्हटलं. "मी स्वतः तपासलं."

तो कोळसा कुणी मागवला होता हे सगळ्या आवाराला माहीत होतं. पुंडलिकरावांनी टोपी नीट केली, आकाशाकडे पाहिलं आणि उद्या महाशिवरात्र आहे, फराळाचं काय, असं कुणालाच उद्देशून नसलेलं काहीतरी बोलले. मग जाता जाता दारातून म्हणाले, "बसव तो बेंड परत, टिकाराम. धान पडून आहे."